पडण्याचं कारण

ऋजुताने दुसरी नोकरी धरली तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो खोलीचा.

पहिली नोकरी ठाण्यात होती, कोपरीतल्या एका लहान हॉस्पिटलात. ऋजुता तिथे फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले खांदे सोडवायचे, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना पुन्हा जिना शिकवायचा, रुसून बसलेल्या आजोबांना गोडीगुलाबीने चालतं करायचं, असं ते काम, आणि ते तिला मनापासून आवडायचं. पण आपलं स्वतःचं सेंटर असावं, तेही डोंबिवलीत, घराजवळ, हे तिने लग्नाच्या आधीपासून मनात धरलेलं. एका पगारात ते जमण्यातलं नव्हतं. अशात तिची कॉलेजातली मैत्रीण प्रियांका हिचा फोन आला. प्रियांका फिजिओथेरपी सोडून मेडिकल कोडिंगमध्ये गेलेली आणि आता एका टीमची प्रमुख होती.

"सकाळचे अडीच तास काम करणारी माणसं हवीयत आम्हाला. घरून," प्रियांका म्हणाली. "तुला शरीर कळतं, डॉक्टरांचं इंग्लिश कळतं, आणि तू पहिल्यापासून किडे काढणारी. अजून काय लागतं?"

अजून लागत होती ती परीक्षा. ऋजुताने सहा महिने अभ्यास करून ती दिली आणि पास झाली. काम ऐकायला सोपं होतं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटला तपासून जे लिहून ठेवतो ते वाचायचं, आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक दुखापतीला ठरलेला कोड लावायचा. त्या कोडवरून तिकडच्या विमा कंपन्या बिलं भागवतात. हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमना तिने आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "दहाला इथे ताजी येणार असशील तर सकाळी तू काय करतेस ते मी कशाला विचारू?"

कंपनीची मात्र एक अट कडक होती. लॅपटॉप बंद दाराच्या खोलीतच उघडायचा. पडद्यावर दुसऱ्या कुणाची नजर जाता कामा नये, जवळ फोनही ठेवायचा नाही. पेशंट सातासमुद्रापलीकडचा असला तरी त्याचं दुखणं ही त्याची खाजगी गोष्ट.

आणि घरात दारं होती दोन. एका दाराआड तिचा नवरा सिद्धेश झोपलेला असायचा. त्याची मीटिंग रात्री उशिरापर्यंत चालायची, त्यामुळे आठच्या आत तो उठला तर घड्याळ चुकलं असेल असंच कुणीही म्हणालं असतं. दुसरं दार सासूबाईंच्या खोलीचं. त्या खोलीत देवघर, सासऱ्यांचा फोटो, आणि खिडकीखाली एक लिहायचं टेबल.

सासूबाई सुहासिनी टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. स्वतः कमी बोलायच्या, पण कुणाचं बोलणं अर्धवट ऐकून सोडायच्या नाहीत. दोघं नवराबायको हॉलमध्ये पडदा लावावा की स्वयंपाकघराला दार बसवावं याची चर्चा करत होती, ती त्यांनी थोडा वेळ ऐकली.

"माझ्या टेबलावर बस," त्या म्हणाल्या. "सहाला मी उठून बसलेलीच असते. तू काम कर, मी तेवढ्यात फिरून येईन."

"कुठे फिरून येशील?" सिद्धेश दचकला. "दिवाळी झाली आता, सहाला अंधार असतो."

"नव्वद फुटी रस्त्यावर. त्या वेळी अर्धी डोंबिवली तिथेच असते."

सिद्धेशला ते पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी सुहासिनीबाईंनी घरातल्याच स्टुलावरून पडून मनगट मोडून घेतलेलं. तेव्हा त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं ते सिद्धेशनेच. तेव्हापासून माळ्यावरचा डबा काढायचा नाही, बादली उचलायची नाही, एकटीने बाजारात जायचं नाही, असे त्याचे नियम होते. पण इथे बायकोच्या नोकरीचा प्रश्न होता. फोन बरोबर ठेव, एवढंच त्याने बजावलं.

सुहासिनीबाईंनी बूट घेतले, साडी नको म्हणून दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले, आणि सोमवारी सकाळी ऋजुता खिडकीखालच्या टेबलाशी बसली तेव्हा त्या दार ओढून बाहेर पडल्या. त्यांची पाठ दिसेनाशी झाली आणि ऋजुताला कसंतरीच झालं. आपण माणसाला त्याच्याच खोलीतून उठवलं, हे तिच्या मनात एकदा आलं ते गेलंच नाही.

काम मात्र तिला पहिल्या आठवड्यातच चढलं. हॉस्पिटलात तिला पेशंटचे हातपाय दिसायचे. इथे नुसते शब्द. त्या शब्दांवरून दुखणं कुठलं, कुठल्या बाजूचं, पहिल्यांदाच आलेलं की जुनं, हे शोधायचं. दुखापत असेल तर आणखीच मजा, कारण ती कशी झाली, कुठे झाली आणि होताना माणूस काय करत होता, या सगळ्याला वेगवेगळे कोड. पेशंटबद्दल घरात अवाक्षर काढायला बंदी होती, पण कोडांचं पुस्तक काही गुपित नव्हतं. नाश्त्याला ऋजुता त्यातले मासले सांगायची.

"आई, बदकाने मारलं तर त्याला वेगळा कोड आहे."

सुहासिनीबाईंनी पोह्यांचा घास खाली ठेवला. "बदक मारतं?"

"मारत असणार. पोपट चावला तर त्याला वेगळा."

"आणि सासू चावली तर?" सिद्धेशने विचारलं.

"सासरच्यांशी पटत नाही, असाही एक आहे. शोधून ठेवलाय मी," ऋजुता म्हणाली, आणि सुहासिनीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

बदक त्यांना फार आवडलं. खालच्या मजल्यावरच्या हेमाताई आल्या तेव्हा त्यांनी ते त्यांनाही सांगितलं, गावाकडून फोन आला त्यालाही सांगितलं. सून काय काम करते याचं त्यांचं उत्तर आता ठरलेलं होतं. "बदकाने मारलं की हिच्याकडे कागद येतो."

डिसेंबरात एके सकाळी सुहासिनीबाई फिरून आल्या त्या किंचित लंगडत.

"काही नाही गं. मगाशी बाथरूममध्ये पाय घसरला."

सिद्धेशने त्याच दिवशी रबरी मॅट आणली. पुढच्या आठवड्यात सुहासिनीबाईंच्या कोपराला लागलं. पुन्हा बाथरूम. सिद्धेशने भिंतीला स्टीलचं हँडल बसवून घेतलं. मग गुडघा. दुसरं हँडल आलं, नळाखाली एक स्टूल आलं, दाराशी आणखी एक मॅट आली. आंघोळीला गेलं की बसमध्ये चढल्यासारखं वाटायला लागलं. एवढं करूनही जानेवारीत सुहासिनीबाई परत बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हा सिद्धेशने हात टेकले.

"टाइल्सच चुकीच्या आहेत," तो म्हणाला. "शनिवारी मिस्त्री बोलावतो. सगळं फोडून नवीन करू."

सुहासिनीबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे, चांगल्या आहेत टाइल्स. तुझ्या बाबांनी निवडलेल्या आहेत."

"बाबा असते तर त्यांनीच फोडल्या असत्या."

त्या संध्याकाळी ऋजुताने सासूबाईंच्या गुडघ्याला शेक द्यायला घेतला. आजवर त्या तिला लागलेलं दाखवतच नव्हत्या. फिजिओथेरपिस्ट सून घरात असून हळद लावून मोकळ्या व्हायच्या. आज गुडघा सुजला होता, इलाज नव्हता. शेकाची पिशवी धरायला त्यांनी हात पुढे केला आणि ऋजुताला त्यांचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांवर, मनगटांजवळ खरचटलेलं, आणि त्यात बारीक काळी खडी अडकलेली.

तिच्या मनात हिशेब सुरू झाला. गेले दोन महिने तिने माणसांच्या पडण्याशिवाय दुसरं फारसं वाचलंच नव्हतं. बाथरूममध्ये घसरलेला माणूस मागे नाहीतर कुशीवर जातो. त्याला माकडहाडाला लागतं, खुब्याला लागतं, डोक्याच्या मागे टेंगूळ येतं. तळवे आणि गुडघे फुटतात ते पुढे पडणाऱ्याचे. आणि खडी कुठल्या बाथरूममध्ये असते?

म्हणजे आई रस्त्यावर पडत होत्या. अंधारात, एकट्या, आठवड्यामागून आठवडा. आणि घरी येऊन बाथरूमचं नाव सांगत होत्या, कशासाठी, तर सुनेची नोकरी सुटू नये म्हणून.

जेवण झाल्यावर गच्चीत जाऊन तिने प्रियांकाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मी सोडते हे काम," ती म्हणाली.

"तू आधी त्यांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की."

"ऋजुता, तुझ्यापुढे असा कागद आला असता तर तू काय केलं असतंस? लागलंय दिसतं, कसं ते लिहिलेलं नाही. मनाने कोड लावला असतास?"

"नाही. डॉक्टरांना प्रश्न पाठवला असता."

"आणि प्रश्न कसा विचारायचा?"

"उत्तर आत न घालता," ऋजुता म्हणाली. हा नियम प्रियांकानेच तिला घोकवून घेतलेला.

"मग जा आणि तसा विचार. आणि सोडायबिडायचं नंतर बोलू."

ऋजुता खाली आली. सिद्धेशची मीटिंग सुरू झालेली, त्याच्या दाराआडून इंग्लिश ऐकू येत होतं. सुहासिनीबाई पाय लांब करून पलंगावर बसलेल्या. ऋजुता त्यांच्या पायाशी बसली.

"आई, तुम्ही कुठे पडलात?"

"सांगितलं ना."

"कशा पडलात?"

"घसरून."

"पडलात तेव्हा काय करत होतात?"

सुहासिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ऐकलेल्या बाईला पलीकडच्या माणसाला काय कळलंय आणि काय नाही ते ओळखायला वेळ लागत नाही.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

ऋजुताचा धीर तिथेच सुटला. प्रियांकाचा नियम बाजूला राहिला. "मला वाटतं तुम्ही रस्त्यात पडता. मी तुमची खोली घेतली म्हणून तुम्हाला काळोखात बाहेर जावं लागतं आणि तुम्ही पडता. मी ते काम सोडतेय, आई. उद्याच कळवते. सेंटर होईल तेव्हा होईल."

"अगं वेडे," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्या घाबरल्यासारख्या दिसत होत्या. "ते काम सोडायचं नाही. अजिबात नाही."

"का पण?"

"उद्या माझ्याबरोबर ये. मग सांगते."

"उद्या सहाला मला बसायचंय."

"एक दिवस उशिरा बस. प्रियांकाला सांग, सासूने मारलं. त्याला कोड असेलच."

दुसऱ्या दिवशी दोघी उजाडताना निघाल्या. ठाकुर्लीकडे जाणारा नव्वद फुटी रस्ता त्या वेळी खरंच भरलेला असतो. कुणी हात झटकत चालतंय, कुणी पळतंय, एका कडेला हसण्याच्या क्लबातले आजोबा शिस्तीत हसून घेतायत. त्यांच्यापासून पुढे, जिथे गर्दी विरळ होते, तिथे एका झाडाला टेकवून एक निळी सायकल उभी होती. पुढे टोपली असलेली, जराशी जुनी. शेजारी ट्रॅकसूटमधली एक चाळिशीची बाई, आणि फूटपाथच्या कठड्यावर पंजाबी ड्रेस घातलेली, सुहासिनीबाईंच्याच वयाची दुसरी, चहा पीत बसलेली.

"आल्या बघ तुझ्या काकू," कठड्यावरची बाई म्हणाली. "आणि आज ऑडियन्स घेऊन आल्यात."

सुहासिनीबाईंनी ओळख करून दिली. ट्रॅकसूटवाली दर्शना, कल्याणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. चहा पिणाऱ्या तिच्या आई, शकूताई. सगळा जन्म विठ्ठलवाडीच्या चाळीत काढून आता लेकीकडे ठाकुर्लीला राहायला आलेल्या. सायकल दर्शनाच्या मुलीची, तिला आता लहान पडायला लागलेली.

"आणि ही माझी सून," सुहासिनीबाई म्हणाल्या. "बदकवाली."

शकूताईंना बदकाची गोष्ट माहीत होती. त्यांनी ऋजुताला नीट खालीवर न्याहाळून घेतलं.

ऋजुता सायकलकडे बघत होती. तिला हळूहळू उजाडत होतं.

"आई, तुम्ही सायकल शिकताय?"

"शिकतेय कसली, पडतेय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "बस इथे. सांगते."

झालं होतं ते असं. पहिल्या आठवड्यात सुहासिनीबाई नेमाने चालल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांना दिसलं, एक बाई रोज सायकलवरून पडते, आणि पडली की रस्त्यात बसून हसते. मागे धरायला तिची मुलगी. चार दिवस त्या लांबून बघत राहिल्या. पाचव्या दिवशी पडलेल्या बाईनेच विचारलं, "नुसतं काय बघताय ताई, बसताय का?" आणि सुहासिनीबाई "नको, नको" म्हणायच्या ऐवजी चपापून "हो" म्हणून बसल्या.

"लहानपणी इथे डोंबिवलीत तासावर सायकली मिळायच्या," त्या ऋजुताला म्हणाल्या. "दोघे भाऊ आणायचे. मी मागून पळायचे, कॅरिअर धरून. एक तास संपला की सायकल परत. माझी पाळी कधी आलीच नाही, आणि मीही कधी मागितली नाही. नंतर शाळा, मग खातं, मग सिद्धेश. तीस वर्षं मी सकाळी घराबाहेर पडले ती कामावर नाहीतर दुधाला. नुसतंच बाहेर पडायला मला कारणच नव्हतं गं. तू खोली मागितलीस, आणि मला कारण मिळालं."

ऋजुताने त्यांचा खरचटलेला हात हातात घेतला.

"तुझी नोकरी सुटली की माझं फिरणं सुटलं. सिद्धेश मला सहाला दाराबाहेर सोडेल असं वाटतं तुला?"

"मग त्याला सायकलचं सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर त्याने या रस्त्यालाही हँडलं लावून घेतली असती."

शकूताई चहा सांडेपर्यंत हसल्या.

मग सुहासिनीबाई सायकलवर बसल्या. दर्शनाने मागून सीट धरलं, दहा पावलं पळाली आणि सोडलं. सायकल वाकडीतिकडी गेली, सरळ झाली, थोडा वेळ खरंच सुरेख चालली, आणि मग समोर एक कुत्रं आडवं आलं. सुहासिनीबाई ब्रेक विसरल्या, हँडल फिरवलं आणि सायकलसकट कडेच्या गवतात गेल्या. ऋजुता धावली. त्या उठून ड्रेस झटकत होत्या आणि त्यांचा चेहरा असा खुललेला की तसा ऋजुताने लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत पाहिला नव्हता. तिला आता आठवलं, प्रत्येक वेळी लागून आल्यावर आई दोन पोळ्या जास्त खायच्या आणि दिवसभर गुणगुणायच्या. तिला वाटायचं, दुखणं लपवायला करतायत.

"लागलं का?"

"आज नाही. आज गवत होतं," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि सायकल उचलायला वाकल्या.

ऋजुताने सायकल त्यांच्या हातून घेतली. तिचं फिजिओथेरपिस्टचं डोकं आता जागं झालेलं. "दर्शनाताई, सीट खाली घेऊया का? दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पडायला लागल्या की पाय टाकतील, हात नाही टाकणार. मनगट जुनं मोडलेलं आहे त्यांचं."

"मी बोललेले काकूंना," दर्शना म्हणाली. "पण त्या म्हणाल्या, उंच सीटवर रुबाब येतो."

"रुबाब नंतर," ऋजुता म्हणाली. तिने सीट खाली करायला लावलं. मग दोघी आयांना कठड्याला धरून एका पायावर उभं केलं, तोल सांभाळायचे दोन व्यायाम शिकवले, मनगटाचे तीन. शकूताई एका पायावर डुगडुगत म्हणाल्या, "फी किती घेताय मॅडम?" ऋजुता म्हणाली, चहा.

त्या दिवशी ती कामाला बसली ती दीड तास उशिरा. प्रियांकाने कारण विचारलं तेव्हा ऋजुताने ते सविस्तर सांगितलं. फोनवर बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग प्रियांका म्हणाली, "बरं, तुझी तपासणी झाली कालपर्यंतच्या कामाची. चुका जवळजवळ नाहीत. तुला कायम केलंय. आता सोडायचं म्हणालीस तर मी स्वतः डोंबिवलीला येईन."

राहिला होता सिद्धेश, आणि शनिवारचा मिस्त्री.

शुक्रवारी रात्री जेवताना सुहासिनीबाईंनी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. सगळं, पहिल्या दिवसापासून. सिद्धेशने मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर तो आधी बाथरूमच्या दाराकडे बघत राहिला.

"म्हणजे टाइल्स बऱ्या आहेत."

"उत्तम आहेत," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"आई, तुझा हात मोडलेला तेव्हा रिक्षात तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलेलंस. तू एकदाही ओरडली नाहीस. मला अजून झोपेत दिसतं ते." त्याचा आवाज बारीक झाला. "आणि तू रोज पडतेस आणि मला सांगत नाहीस."

सुहासिनीबाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या ओरडाआरडा ऐकायच्या तयारीने बसलेल्या. त्यांनी हात पुसून त्याच्या पाठीवर ठेवला.

"तेव्हा मी घरात पडले, सिद्धेश. स्टुलावर चढून डबा काढताना. डबा साबुदाण्याचा होता. एवढं करून त्याची खिचडीसुद्धा झाली नाही." त्या थांबल्या. "आता पडते तेव्हा निदान सायकल तरी चाललेली असते थोडी."

सिद्धेश हसला नाही, पण त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. त्याने ऋजुताकडे पाहिलं. "आणि हे चालेल असं तुझं मत आहे? डॉक्टरकीचं?"

"तोल सुधारतोय त्यांचा," ऋजुता म्हणाली. "पायात ताकद आलीय. मी बघून आलेय. तूही ये. न बघता काही ठरवू नकोस."

रविवारी सिद्धेश सकाळी सहाला उठला. घरात असा प्रसंग पूर्वी घडला नव्हता. आदल्या दिवशी मिस्त्रीला नको म्हणून सांगून त्याने बाजारातून हेल्मेट, कोपरांचे पॅड, गुडघ्यांचे पॅड, सगळं दोन दोन नग आणलेलं. शकूताईंनी ते सगळं तिथल्या तिथे अंगावर चढवलं आणि लेकीला म्हणाल्या, "फोटो काढ. चाळीत पाठवायचाय." सुहासिनीबाईंनी हेल्मेट तेवढं घातलं.

दर्शनाने सीट धरलं. सिद्धेश बाजूने पळायच्या तयारीत उभा होता, हात पसरून, पडली तर झेलायला. ऋजुताने त्याच्या शर्टाला धरून त्याला मागे ओढलं.

"सोडू का काकू?" दर्शनाने विचारलं.

"सोड."

सायकल सुटली. पहिले दोन हेलकावे गेले, हँडल सरळ झालं, आणि सुहासिनीबाई जायला लागल्या. हसणाऱ्या आजोबांच्या पुढून गेल्या, पळणाऱ्या दोन मुलींच्या शेजारून गेल्या. निळी ओढणी कमरेला बांधलेली. गर्दी मागे पडली तरी त्या जातच राहिल्या.

"वळतील ना आता?" सिद्धेश म्हणाला.

दर्शना आणि शकूताईंनी एकमेकींकडे पाहिलं.

"वळायचं अजून शिकवलेलं नाही," दर्शना म्हणाली.

"मग?"

"मग काय, सरळ जातील."

सुहासिनीबाई लहान होत होत रस्त्याच्या टोकाला गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. सिद्धेश पळत सुटणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो कानाला लावून त्याने ऐकलं, आणि मग फोन तसाच खाली धरून सगळ्यांकडे बघितलं.

"उतरली म्हणते. सायकल हाताने फिरवून घेतेय. म्हणते, परत बसायला कुणी लागत नाही, कठड्यावर पाय ठेवून बसता येतं. आणि फोन ठेव म्हणाली, एका हाताने चालवता येत नाही अजून."

मग ती चौघं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. उन्हं वर आली होती. बऱ्याच वेळाने टोकाशी काहीतरी निळं दिसलं. ते मोठं होत आलं, आणि त्यात हेल्मेट दिसलं, मग हसू दिसलं. सिद्धेशने न कळत दोन्ही हात वर केले.

"थांब आता आई," तो ओरडला.

"बाजूला हो," सुहासिनीबाई लांबूनच म्हणाल्या, आणि त्याच्या वर केलेल्या हातांशेजारून, घंटी वाजवत, डोंबिवलीच्या दिशेने निघून गेल्या.